राजवाड्याजवळचं कॅसेटवालं दुकान: चित्र झकास, आवाजाला मात्र जपा

इंदुरातल्या मराठी घरांत माळ्यावर व्हीएचएस (जुन्या व्हिडिओ) कॅसेटी अजून निघतात. त्या पेनड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या राजवाड्याजवळच्या या दुकानाचं काम पारखायचं, तर डॉ. श्रीराम लागूंचे चित्रपट द्यावेत. कान-नाक-घशाची डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आलेले लागू १९७० मध्ये ‘नटसम्राट’चे बेलवलकर झाले, १९७२ मध्ये ‘पिंजरा’तले मास्तर. त्यांचा अभिनय जितका शब्दांत, तितकाच शब्दांमधल्या थांब्यांत. आणि कॅसेट उतरवताना पहिला बळी जातो तो या थांब्यांचाच.

चित्राबद्दल तक्रार नाही. चित्राचा उजेड आणि रंग वेगळे नेणारी एस-व्हिडिओची तार, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. चौकट जुन्या टीव्हीसारखी ४:३ च ठेवतात, हे फार बरं करतात. रुंद टीव्हीसाठी ताणलं की चेहरा एक तृतीयांशाने पसरतो. लागूंचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे चित्रपट कृष्णधवल आहेत, हे मात्र पावतीवर लिहून घ्या. रंग शून्यावर आणला नाही, तर करड्या भागांत जांभळे-हिरवे ठिपके वळवळत राहतात.

आवाजात घोळ आहे. खरखर घालवायला लावलेला फिल्टर ठरावीक पातळीखालचं सगळंच बंद करतो. ‘सामना’त लागूंचे मास्तर हिंदुरावांसमोर, म्हणजे निळू फुल्यांसमोर, बोलता बोलता गप्प होतात, तेव्हा खोलीचा आवाजही तुटतो, एकदम बधिर शांतता. पुढचं वाक्य सुरू होताना पहिलं अक्षर अर्धं खाल्लं जातं, ‘ह’ तर ऐकूच येत नाही. वाक्याच्या शेवटी लागू आवाज खाली नेतात, तोही गडप. म्हणून फिल्टर न लावलेला मूळ आवाज ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह (न आवळलेल्या आवाजाच्या) फाइलमध्ये वेगळा मागा. मागितला तर देतात. खरखर नंतरही कमी करता येते, कापलेला श्वास परत आणता येत नाही.

देण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून बघा. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी. घरच्या व्हीसीआरमध्ये अजिबात लावू नका, टेप वाचणारं हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटींवरही रेघा येतात. अशा कॅसेटी इथे बाजूला काढून आधी साफ करतात.

पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करून न्या. सेकंदाला ८ मेगाबिटच्या दराने दोन तासांचा चित्रपट सुमारे ७.२ जीबी होतो, आणि ‘फॅट३२’ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, मग तुकडे करून देतात. घेताना शेवटची दहा मिनिटं तिथेच लावून बघा: मध्ये फ्रेम गळल्या असतील, तर ओठ आणि आवाज यांची चुकामूक तिथे सर्वांत जास्त दिसते.