सायकलवाले की पक्षीवाले?

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आर्वीहून साडभाऊंचा फोन. "भाऊ, डॉक्टर म्हणते दहा किलो उतरवा, नाही तं गोळी वाढवतो. आमच्याकडं आता सायकलवाल्यायचीयी टोळी हाय अन् पाखरं पाहणाऱ्यायचीयी. तुम्ही दोन्हीत राहून आले. मले सांगा, मी कोणाच्या मांगं जाऊ?"

फोनवर अर्धा तास बोललो तरी आटोपेना, म्हणून हे लिहायला घेतलं. त्यांच्यासारखे पन्नाशीच्या आसपासचे, पोट सुटलेले आणखी बरेच असतील.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. "शेतीच्या माणसाले व्यायाम कायले पाहिजे?" हे वाक्य गिऱ्हाईकांच्या तोंडून रोज ऐकतो, आधी मीही म्हणायचो. पण वावरात जायला मोटारसायकल, वखराला ट्रॅक्टर, फवारायला बॅटरीचा पंप. अंग हलतं कुठं? माझं तर कामच खुर्चीवरचं. तीन वर्षांपूर्वी दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा आकडा ९३ होता. आधी सात महिने सायकलवाल्यांबरोबर काढले, नंतर आजपर्यंत पक्षीवाल्यांबरोबर आहे.

हिशेब कागदावर मांडला तर सायकल सरळ जिंकते. ८० किलोच्या माणसानं ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या चालीनं तासभर सायकल हाणली, तर ढोबळमानानं ५०० च्या वर कॅलरी जळतात. तोच माणूस झपझप चालला तर ३०० ते ३५०. आणि दोन पावलं चालून थांब, दुर्बीण लाव, पुन्हा दोन पावलं, असं फिरला तर जेमतेम २००. हे वाचूनच मी सायकल घेतली होती.

कागदावर तर्री नसते, एवढंच. आमची टोळी सव्वापाचला निघायची. कधी सेवाग्रामपर्यंत, कधी पवनारला धाम नदीच्या पुलापर्यंत, आणि परत. परतीच्या वाटेवर फाट्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यापाशी सगळ्यांचे ब्रेक आपोआप लागायचे. हेल्मेटं हँडलला अडकवलेली, घामानं टी-शर्ट पाठीला चिकटलेले, आणि प्लेटीत पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कांदा-सांबार, म्हणजे कोथिंबीर. अर्धी प्लेट झाली की कुणीतरी हात पुढं करायचं, "टाक ना बाप्पा अजून थोडी." तो पळी बुडवायचा ती भगोण्याच्या वरच्या थरात, जिथं नुसता तवंग. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी. दोनदा तर्री घेतली की तसे तीन चमचे कुठं गेले कळतही नाही. त्यावर एखादा आलूबोंडा, "आज पंचवीस किलोमीटर झाले ना" म्हणून. मग साखरेचा चहा. आम्ही जे जाळून यायचो ते फाट्यावरच परत भरून घ्यायचो आणि वर फोटो टाकायचो.

सात महिन्यांत ९३ चे ९१ झाले. तरी सायकल फुकट गेली असं मी म्हणणार नाही. गोदामाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची ती थांबली, बीपीचा वरचा आकडा खाली आला, झोप सुधारली. दम वाढवायचा असेल तर या दोघांत सायकलला तोड नाही. माझं वजन मात्र तिनं उतरवलं नाही, आणि दोष तिचा नव्हता, फाट्याचा होता.

पक्षीवाल्यांत गेलो तो योगायोगानं. आपल्याकडं ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. शाळेतल्या गुरुजींनी पोरांना घेऊन तळ्यावर जायचं ठरवलं आणि "मोठं माणूस कोणीतरी पाहिजे" म्हणून मला नेलं. कॅलरीच्या कोष्टकाप्रमाणे ही टोळी सगळ्यात खाली. आहेतही कोण? दोन गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका, एक लाइनमन, कॉलेजची दोन पोट्टी, मी, आणि तिसऱ्या आठवड्यापासून माझी बायको. सायकलच्या टोळीत एकही बाई नव्हती, इथं तिला कुणी "तुम्ही कायले?" विचारलं नाही. घरात स्वयंपाकात तेल किती पडायचं हे ज्याच्या हातात आहे, तो माणूस टोळीत आला की काय फरक पडतो, ते मी सांगायला नको.

आमचा ठरलेला फेरा आहे: गावतळं, तिथून पाझर तलाव, तिथून नाल्यावरचा बंधारा, आणि पांदणीनं, म्हणजे वावराच्या वाटेनं, घरी. सगळं मिळून सहा किलोमीटरच्या वर. गुरुजींचा एकच नियम, ठिकाणावर थांबायचं, दोन ठिकाणांच्या मध्ये थांबायचं नाही. तारेवर नीलपंख बसलेला दिसला तरी चालता चालता वहीत नोंद. त्यामुळं कोष्टकातले तासाचे २०० आमच्या फेऱ्यात ५०० च्या आसपास जातात, कारण फिरणं दोन तासांचं होतं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त झपझप. हा नियम नसेल तर पक्षी बघणं म्हणजे उभ्यानं केलेला आराम. दुसऱ्या एका गावची टोळी मी पाहिली आहे, मोटारसायकलनं तळ्यावर जाते, कॅमेरे लावून तासभर बसते, मोटारसायकलनं परत. आणि बोर व्याघ्र प्रकल्पात जिप्सीत बसून आलात तर छंद झाला, व्यायाम शून्य; तिथं पायी फिरू देतही नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आता खाण्याचं. बंधाऱ्यावर हॉटेल नाही. मला विचाराल तर या छंदाचा सगळ्यात मोठा औषधी गुण तोच. ड्रायव्हर काकांना आणि एका गुरुजींना शुगर आहे, म्हणून सगळ्यांनी डब्यात तेच आणायचं जे त्यांना चालेल: फुटाणे, पेरू, काकडी, उकडलेली अंडी, हिवाळ्यात बोरं, कधी ज्वारीची भाकर आणि ठेचा. डिसेंबरात एकदा पाझर तलावाच्या पाळीवर बसून फुटाणे खात होतो. समोर चक्रवाकांची जोडी, नारिंगी-तांबूस, पाण्याच्या कडेला. काकांनी फुटाणा तोंडात टाकला तो चावला नाही, आवाज होईल म्हणून. पाच मिनिटं तसाच गालात धरून बसले. अशा ठिकाणी कुणी दुसरी प्लेट मागत नाही.

दुसरा फरक मागं राहणाऱ्याचा. सायकलच्या टोळीत पोट्टे पुढं निघून जायचे, मी आणि एक बँकवाले मागं. ते फाट्यावर वाट पाहायचे, तोवर त्यांची पहिली प्लेट झालेली असायची. एक दिवस नाही गेलं तर कुणाला पत्ता नसायचा, सव्वापाच म्हणजे सव्वापाच. पक्ष्यांत हळू चालणाऱ्यालाच जास्त दिसतं, त्यामुळं मागं राहिल्याची लाज वाटत नाही. आणि लाइनमन भाऊ रोज माझ्याच दारावरून जातो. फाटक वाजवतो आणि "भाऊजी" म्हणून असा आवाज देतो की शेजारी उठतात. पहिल्या हिवाळ्यात निम्मे दिवस मी केवळ त्याच्या भीतीनं उठलो.

तिसरा फरक चिडवण्याचा. सायकलवाल्यांनी दर महिन्याला ग्रुपवर वजनं टाकायची पद्धत पाडली होती. चांगली वाटली होती. दुसऱ्याच महिन्यात एकाचं वजन वाढलं, कुणी ट्रॅक्टरचा फोटो टाकला, वर हसण्याची चित्रं. तो माणूस परत आला नाही. पक्षीवाले महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या दुकानात येतात. ज्या काट्यावर सोयाबीनचं बियाणं मोजतो त्यावर एकेक जण उभा राहतो, आकडा स्वतःच वाचतो आणि स्वतःच्याच वहीत मागच्या पानावर लिहितो. दुसऱ्यानं विचारायचं नाही. अंगणवाडीच्या ताईंकडं कपड्याचा टेप असतो, पोटाचा घेर ज्याचा त्यानं मोजायचा. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायांनी ८० च्या आत राहावं, असं आपल्याकडच्या माणसांसाठी सांगतात. वजनापेक्षा हा टेप मला जास्त खरा वाटतो. कारण सायकलीनं माझं वजन दोनच किलो उतरलं, तरी पँट मात्र सैल झाली होती.

खर्चाचं फार लांबवत नाही. साधी सायकल सहा-आठ हजारांत येते, गिअरवाली पंधरा-वीसपर्यंत, हेल्मेट आणि लाल दिवा वेगळा, आणि बाभळीच्या काट्यांचे पंक्चर तर मोजूच नका. दुर्बीण, आठ पट मोठं दाखवणारी, पाच-सहा हजारांत बरी मिळते, पण आमच्यात नऊ माणसांत तीन दुर्बिणी आहेत आणि काही अडत नाही.

हंगाम मात्र नीट बघा. कापसाच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, पहाटेच्या धुक्यात रस्त्यावर कापूस भरलेल्या गाड्या असतात, मागं दिवा असेलच असं नाही. अंधारात सायकल काढू नका. समृद्धी महामार्ग गुळगुळीत दिसतो म्हणून मोहात पडू नका, तिथं सायकलला परवानगीच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दोन्ही टोळ्यांनी सातच्या आत घरी यावं. पावसाळ्यात पांदणीची काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय दोन किलोचा होतो, आणि गवतात घोणस असते. तेव्हा आम्ही डांबरी रस्त्यानंच चालतो. जंगलाच्या कडेच्या गावांनी तर उजाडल्याशिवाय बाहेर पडूच नये. रानडुक्कर, बिबट, वाघ, कुणाचा नेम नाही. पेरणीच्या दिवसांत सायकलची टोळी दरवर्षी मोडते आणि दसऱ्याला पुन्हा उभी राहते. पक्षीवाले टिकतात, कारण वावरात जाणं होतंच आणि वही खिशात असते.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशीपोटी लांब सायकल मारू नका. पवनारच्या वाटेवर आमचे बँकवाले अचानक थरथरायला लागले, दरदरून घाम, बोलणं अडखळलं. चहावाल्याकडून साखर घेऊन पाण्यात घोळून पाजली तेव्हा दहा मिनिटांनी माणसात आले. तेव्हापासून माझ्या खिशात साखरेची पुडी असते, सायकल सुटली तरी. ज्यांनी तपासलंच नाही त्यांनी उपकेंद्रात जावं, ३० वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तिथं फुकट तपासतात. आणि दहा किलोच्या आकड्यानं घाबरू नका. वजनाच्या पाच टक्के उतरले, म्हणजे ९० किलोच्या माणसाचे साडेचार, तरी शुगर आणि बीपीवर फरक दिसायला लागतो.

शाळेच्या मैदानावरच्या व्हॉलीबॉलचंही साडभाऊंनी विचारलं होतं. खेळ झकास, पोट्टे झकास, पण नव्वद किलोच्या माणसानं उडी मारून खाली आलं की गुडघे बोलतात, आणि खेळ संपला की सगळे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसतात. आखाड्याचं तर विचारूच नका. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, १९३६ ला त्यांची माणसं बर्लिनला ऑलिम्पिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आली. त्याच विदर्भातल्या आमच्या गावच्या आखाड्यात आज खताची पोती आहेत. माझीच. जिम तालुक्याला आहे, जाऊन-येऊन तासभर मोडतो, आणि पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा विकायला काढतात.

माझं वजन आता ८४ आहे. सायकल टाकलेली नाही, रविवारी एकट्यानं सेवाग्रामपर्यंत जातो, फाट्यावर न थांबता. खरं सांगायचं तर कधीमधी थांबतोही.

तुमचं वय चाळिशीच्या आत असेल, गुडघे चांगले असतील आणि तुमच्या टोळीचा ठिय्या पोह्यांच्या ठेल्यावर नसेल, तर सायकलच घ्या, दम लवकर येईल. त्या टोळीत एखादी तरी बाई किंवा एखादा तरी शुगरवाला आहे का ते बघा, असेल तर नाश्ता सुधारतो. पण साडभाऊ ५२ वर्षांचे, ९८ किलोचे, उजवा गुडघा दुखतो आणि एकटे असले की आळशी. त्यांना मी पक्षीवाल्यांत जायला सांगितलं आहे. आर्वीच्या टोळीचं फिरणं चालत आहे की मोटारसायकलवर, ते आधी विचारून घ्या म्हटलं. मोटारसायकलवर असेल तर तीन महिने आमच्याकडं या, मुक्कामाला.

ते येताहेत पुढच्या शनिवारी. बहिणीला बायकोनं आधीच बजावून ठेवलं आहे, येताना चिवडा-शंकरपाळे आणायचे नाहीत, पेरू आणायचे. रविवारी सकाळी सहाला, उजाडल्यावर, गावतळ्यावर. लाइनमन भाऊला सांगून ठेवलंय की फाटक जरा जोरानं वाजव.