किट कारला ट्रकवाल्या उस्तादाची पितळी जाळी: पाचांपैकी झाळकाम साडेचार, मापं अडीच

लोटस सेव्हनच्या धर्तीची किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून केलेली गाडी, आत जिप्सीचं १३०० सीसी इंजिन, पुढे फायबरचं बसकं नाक. अशा गाडीचा रेडिएटर गेला की ‘हाच द्या’ म्हणून कुठल्याच काउंटरवर मिळत नाही. मूळ सेव्हन १९५७ची. इंग्लंडात ती सुट्या भागांत विकली जायची, कारण तशी घेतली की परचेस टॅक्स वाचायचा. दुसऱ्या गाडीचं जे बसेल ते बसवायचं, ही सवय तेव्हापासूनचीच.

इंदुरात सोपे मार्ग दोन. मारुती ८००चा तयार ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेऊन ब्रॅकेट बदलायचे, नाहीतर जुन्या पितळी टाक्या ठेवून ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकवाल्या उस्तादाकडून नवी जाळी (टाक्यांमधला नळ्या-पत्त्यांचा भाग) भरून घ्यायची. हा अभिप्राय दुसऱ्या मार्गाचा. नाकात जागा बोटभर असते आणि तयार रेडिएटरची होज लागणारी तोंडं हमखास नको त्या बाजूला येतात. पितळेत तोंड उकलून हवं तिथे परत डाग (कथिलाची झाळ) देता येतो. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला कोण डाग देणार?

झाळकाम अव्वल. टाकी उकलल्यावर जुन्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार दिसला, अर्ध्या नळ्या बुजलेल्या. नव्या जाळीला कथिलाचा डाग सलग, कुठे गुठळी नाही. मग तोंडं बंद करून, आत एक किलोची हवा भरून हौदात बुडवलं. एका कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे निघाले. उस्तादाने खडूची खूण केली, पुन्हा डाग दिला, पुन्हा बुडवलं. ही चाचणी समोर उभं राहून बघावी. जुन्या जाळीचं तांबं-पितळ वजनावर वळतं करून मागायचं. आपण मागितलं नाही तर विषय निघत नाही.

मापांत मात्र ट्रकची सवय आडवी येते. उस्तादाचा आग्रह नळ्यांच्या चार ओळींच्या जाळीचा. मागच्या ओळींना पुढच्यांची तापलेली हवाच मिळते आणि जाड जाळीतून छोट्या पंख्याला हवा ओढवत नाही. दोन ओळी, इंचाला १२ ते १४ पत्त्या (नळ्यांमधल्या पातळ फिन), एवढं कागदावर लिहून द्यावं. रंगाचंही तेच: काळ्या रंगाचा पातळ हात पुरे, जाड थर उष्णता अडवतो. खालचं तोंड ठरल्यापेक्षा दोन बोटं आत आलं होतं, ते परत उकलावं लागलं. पुठ्ठ्याचा साचा सोबत नेला तर ही खेप वाचते.

खरी मेख बसवण्यात आहे. सेव्हनमध्ये रेडिएटर इंजिनच्या हेडपेक्षा, म्हणजे माथ्यापेक्षा, खाली बसतो. टोपण रेडिएटरवरच ठेवलं की हेडमध्ये हवा अडकते. तापमानाचा काटा शांत दिसतो आणि आत हेड भाजत असतं. म्हणून रेडिएटरचं पाणी भरायचं तोंड कायमचं बंद करून घ्यायचं आणि ०.९ बार दाब धरणारं टोपण सगळ्यांत उंचावर बसवलेल्या एक्स्पान्शन टाकीवर (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या) द्यायचं. रेडिएटरच्या माथ्यापासून आणि हेडपासून सहा मिलिमीटरची एकेक बारीक नळी टाकीत, टाकीच्या तळातून जाड होज पाण्याच्या पंपाच्या ओढीकडे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९चं टोपण तेच ११८च्या घरात नेतं, म्हणून सैल टोपणावर पैसे वाचवू नयेत.

खालचा लांब होज नुसता रबरी ठेवला तर वाढत्या आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो. मधे धातूचा पाइप, दोन्ही टोकांना कड उठवलेली, आणि रबराचे फक्त आखूड तुकडे. रेडिएटर चौकटीला थेट बोल्टने कसू नये, खाली-वर रबरी बुश हवेत. नाहीतर हादऱ्याने ब्रॅकेटपाशीच डाग फुटतो आणि शिव्या उस्तादाला बसतात. पंखा जाळीच्या मागे, ओढणारा, दहा इंची; त्याला रिले (पंख्याचा जड करंट पेलणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज. नाक आणि जाळीमधल्या फटी फोमच्या पट्टीने बुजवाव्यात. हवा आळशी असते, फट दिसली की जाळी सोडून तिकडूनच पळते.

भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, धार बारीक. टाकीचं टोपण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू, वरचा होज हाताने दाबत राहायचं. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर वाट देणारी झडप) उघडला की होज एकदम गरम होतो आणि टाकीतली पातळी खाली जाते. तेव्हा पुन्हा भरून टोपण लावायचं. त्यानंतर ते गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

राजवाड्याच्या संध्याकाळच्या गर्दीत पंख्याची परीक्षा होते, खंडवा रस्त्यावरच्या भेरू घाटात जाळीची. गर्दीत पंखा चालू-बंद होत राहिला, काटा मधेच. घाटात वर सरकला, उतार लागताच परतला. फोम लावण्याआधी याच चढावर तो लालच्या कडेला होता. जाळी तीच, पंखा तोच.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर गार इंजिनवर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळायच्या. नवं रबर बसतं आणि पहिली गळती तिथूनच लागते.