अपंग पात्र आणि अपंग खेळाडू: चार फँटसी खेळांची तुलना

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र रंगवत खेळायच्या फँटसी रोल-प्लेइंग खेळांपैकी एक निवडताना अपंगत्वाच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पात्र अपंग असेल तर नियम त्याला कसे वागवतात, हा पहिला. आणि खेळणारी व्यक्ती अपंग असेल तर तिला पुस्तक वाचता, फासे हाताळता आणि संवादात भाग घेता येतो का, हा दुसरा. चर्चा पहिल्याचीच अधिक होते. निवड मात्र दुसऱ्यापासून सुरू व्हावी असे माझे ठाम मत आहे, कारण पात्राविषयीचा नियम सहमतीने बदलता येतो. वाचताच न येणारे पुस्तक खेळाडूला दाराबाहेर ठेवते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची 2014 पासूनची पाचवी आवृत्ती सर्वांत परिचित असली, तरी पहिल्या प्रश्नावर तिच्या मूळ नियमांत फारसे काही सापडत नाही. त्यांत आंधळेपणा ही एक ‘अवस्था’ आहे: दृष्टी लागणारी प्रत्येक चाचणी आपोआप फसते, हल्ला करताना 20 बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरावा लागतो, आणि शत्रूला मात्र दोनांतला मोठा आकडा मिळतो. जादूने क्षणभर दृष्टी गेलेल्या योद्ध्याला हा नियम शोभतो. जन्मापासून अंध असलेल्या, आवाजावरून खोलीचा अंदाज घेत वाढलेल्या धनुर्धरावर तोच लादणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या सरावाला शून्य किंमत देणे होय. शिवाय दुसऱ्या पातळीचा एक मंत्र ही अवस्था दूर करतो आणि सातव्या पातळीचा मंत्र तुटलेला अवयव पुन्हा उगवतो. त्यामुळे ‘मग हे पात्र बरे का होत नाही’ हा प्रश्न खेळाडूच्या मागे लागतो. चांगले प्रयत्न झाले आहेत, हेही नमूद करायला हवे. 2020 मध्ये एका स्वतंत्र रचनाकाराने या खेळासाठी लढाऊ व्हीलचेअरचे नियम विनामूल्य प्रसिद्ध केले, आणि 2021 च्या ‘कॅन्डलकीप मिस्टरीज’ या अधिकृत संग्रहात जेनिफर क्रेचमर यांनी लिहिलेल्या साहसातील (खेळायच्या तयार कथानकातील) भुयार व्हीलचेअरने फिरता येईल असे आखलेले आहे.

‘पाथफाइंडर’ची 2019 ची दुसरी आवृत्ती या बाबतीत स्पष्टपणे पुढे आहे. तिच्या मूळ पुस्तकातच म्हटले आहे की तात्पुरत्या अंधत्वाची किंवा बहिरेपणाची अवस्था दीर्घकाळ अपंगत्वासह जगणाऱ्या पात्राला लागू करणे योग्य नाही. अंध पात्राला डोळ्यांनी काही टिपता येत नाही, पण दृश्य परिणामांचा त्रासही होत नाही, आणि न पाहता लढण्याचे कौशल्य त्याला मोफत द्यावे असे गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या व्यक्तीला, सुचवले आहे. कर्णबधिर पात्रासाठी खूणभाषा आणि ओठवाचनाबाबत अशीच सूचना आहे. 2021 च्या ‘ग्रँड बझार’ या पूरक पुस्तकात चाकांच्या खुर्च्या आणि कृत्रिम अवयव विक्रीच्या वस्तू म्हणून येतात, म्हणजे त्या जगात अशी माणसे आधीपासून राहत आहेत. ‘गर्प्स’ या आणखी एका रोल-प्लेइंग खेळात अंधत्व उणे 50 गुणांना ‘विकून’ इतर शक्ती घेता येतात. त्या हिशेबापेक्षा मला ‘पाथफाइंडर’ची भूमिका अधिक माणुसकीची वाटते.

‘फेट’मध्ये पात्र शब्दांत लिहिले जाते, त्यामुळे अपंगत्व कोणत्या शब्दांत मांडायचे हे खेळाडूच्या हाती राहते. एल्सा स्युनेसन यांच्या पुढाकाराने तयार झालेले ‘फेट ॲक्सेसिबिलिटी टूलकिट’ हे या विषयाला वाहिलेले स्वतंत्र पुस्तक असून ते पात्रांबरोबरच टेबलावरच्या माणसांचाही विचार करते. 2025 च्या ‘डॅगरहार्ट’मध्ये लढाऊ व्हीलचेअर मूळ नियमांतच आहे, हलकी, जड आणि जादुई असे तिचे प्रकार आहेत.

आता खेळाडूकडे वळू. दोन स्तंभांत छापलेल्या, नीट न बांधलेल्या पीडीएफमध्ये स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) डाव्या स्तंभातील अर्धे वाक्य उजव्या स्तंभातील तक्त्याला जोडून वाचतो, आणि ऐकणाऱ्याला नियम कुठे संपला हेच कळत नाही. म्हणून ‘पाथफाइंडर’चे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर अधिकृतपणे विनामूल्य, वेबपानांच्या रूपात मिळतात, याला मी सर्वांत जास्त वजन देतो. ‘फेट’चे नियमही असेच खुले आहेत. मात्र ‘पाथफाइंडर’मध्ये आकड्यांची बेरीज-वजाबाकी सतत चालते आणि ज्यांना आकडे लक्षात ठेवणे जड जाते त्यांना ती थकवते; ‘फेट’चे चार फासे उणे 4 ते अधिक 4 एवढाच निकाल देतात. ‘डॅगरहार्ट’ पत्त्यांवर चालतो, आणि बारीक मजकुराचे पत्ते अल्पदृष्टी खेळाडूला त्रासदायक ठरू शकतात. त्यात लढाईत पाळीचा क्रमही ठरलेला नसतो. ओठ वाचणाऱ्या किंवा दुभाष्यावर अवलंबून असलेल्या खेळाडूला पुढे कोण बोलणार हे आधी कळले नाही, तर तो सतत एक वाक्य मागे राहतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि ‘पाथफाइंडर’मधील ठरलेली पाळी त्याच्यासाठी सोयीची आहे.

तेव्हा गटात स्क्रीन रीडर वापरणारे किंवा कर्णबधिर खेळाडू असतील आणि आकडेमोडीचे वावडे नसेल, तर ‘पाथफाइंडर’ घ्यावा. नियमांचे ओझे कमी हवे असेल तर ‘फेट’. कोणाला फक्त व्हीलचेअरवरचा वीर रंगवायचा असेल, तर ‘डॅगरहार्ट’ पुरेसा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आधीच चालू असेल तर तो सोडण्याची गरज नाही: जन्मतः अंध पात्राला ‘अवस्था’ लागू होणार नाही आणि खेळाडूने मागितल्याशिवाय कोणी उपचाराचा मंत्र टाकणार नाही, एवढे दोन नियम पहिल्या बैठकीत लिहून घ्यावेत.