मासळीची वर्गणी : आठ महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात समुद्राची मासळी मिळत नाही असे नाही. पण ती कोणत्या बंदरावरची आणि किती दिवसांपूर्वीची, हे विकणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही हर्णै परिसरातील छोट्या होडीवाल्यांच्या एका गटाकडे वर्गणी भरली. महिन्याला 2,400 रुपये आगाऊ द्यायचे आणि दर बुधवारी सुमारे 2 किलो अख्खी मासळी घ्यायची. मंगळवारी उतरलेली मासळी रात्री चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज या वाटेने येते आणि सकाळी सातच्या आत पेटी दारात असते. आत एक चिठ्ठी असते, तिच्यावर माशाचे नाव आणि तो उतरवल्याचा दिवस लिहिलेला असतो.

मासा निवडण्याची मुभा मात्र नाही. जाळ्यात जे येईल त्याचा वाटा घ्यायचा, हीच यातली मुख्य अट आहे. अमेरिकेतील मेन राज्यातल्या पोर्ट क्लाइड या मच्छीमारांच्या गावात 2007 मध्ये अशी वर्गणी सुरू झाली. हंगामाआधी पैसे देऊन शेतमालाचा वाटा घेण्याची तिथली रीत त्यांनी मासेमारीला लावली. डिझेल आणि बर्फ यांचा खर्च होडी निघण्यापूर्वीच करावा लागतो, त्यामुळे आगाऊ रकमेमागचे कारण मला पटले. पापलेट आणि सुरमईच्या अपेक्षेने वर्गणी भरणाऱ्याची मात्र निराशा होईल, कारण आठ महिन्यांत आम्हाला पापलेट दोनदा आणि सुरमई तीनदाच मिळाली. बाकी बांगडा, मांदेली, बोंबील, ढोमा आणि लेप.

पहिल्या महिन्यात ढोमा पाहून सासूबाईंनी नापसंती दाखवली होती. आज त्याच आमसूल घालून त्याचे पातळ कालवण करतात आणि कांदा-लसूण मसाला बांगड्यासाठी राखून ठेवतात, कारण ढोम्याची सौम्य चव त्या मसाल्याखाली दबते, असे त्यांचे मत झाले आहे. बोंबलात पाणी फार, म्हणून तो चिरून, वजनाखाली दाबून मगच रव्यात तळायचा, हे आम्हाला चिठ्ठीच्या मागे लिहिलेल्या चार ओळींमुळे कळले. वजन अख्ख्या माशाचे धरले जाते, हेही नवीन सभासदाने लक्षात घ्यावे : 2 किलो बांगडा साफ केल्यावर आमच्या काट्यावर 1 किलो 300 ग्रॅम भरला.

मार्चमधील एक पेटी वाईट आली. बर्फ पूर्ण वितळला होता आणि बांगडे हाताला कोमट लागत होते. वास फारसा नव्हता, तरी आम्ही ते टाकून दिले. बांगडा आणि सुरमई यांसारखे मासे थंड राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर लाल चट्टे येणे, डोके दुखणे, उलट्या होणे असा त्रास त्यातून होतो. मी छायाचित्र पाठवले आणि त्याच दिवशी पुढील महिन्याच्या रकमेत वजावट मिळाली. एप्रिलपासून बर्फ जवळपास माशाइतक्याच वजनाचा येऊ लागला. ही सुधारणा तक्रारीची वाट न पाहता उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच व्हायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट मला पैशांपेक्षा मोलाची वाटते. जानेवारीत आलेली एक सुरमई लहान दिसली, म्हणून मी ती मोजली. ती 41 सेंटिमीटर भरली. राज्य शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यात सुरमईसाठी 370 आणि पापलेटसाठी 135 मिलिमीटर ही मर्यादा आहे. त्याहून लहान मासा पेटीत घालणार नाही, असे गटाने सुरुवातीलाच लिहून दिले होते आणि आमच्या मोजमापात तो शब्द त्यांनी पाळला आहे. बाजारात स्वस्त मिळणारी बोटभर पापलेटे एकदाही अंडी न घालता पकडलेली असतात, हे समजल्यावर ती घेण्याचे मन होत नाही.

वादळी हवामानामुळे दोन बुधवार पेटी आली नाही. त्यांचे पैसे पुढे धरले गेले. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात वर्गणी घेतली जात नाही, हवे असल्यास सुके बोंबील आणि जवळा वेगळ्या दराने मिळतो. आमच्याकडे श्रावण पाळला जातो, तेव्हा आमची पेटी गणपतीनंतरच सुरू करावी, असे मी कळवले आणि त्यांनी ते मान्य केले आहे. या वेळी रक्कम चार महिन्यांची एकदम भरली आहे.