एनसीएएचा केस डेटाबेस: मुलांच्या आईबापांनी वाचाच

मुलगी टेनिस खेळते, पुढच्या वर्षी कॉलेज, कोच लोकांचे ईमेल यायला लागलेत. म्हणून कुठल्या कॉलेजात आधी काय भानगडी झाल्यात ते बघायला एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम चालवणाऱ्या संस्थेचा, हा डेटाबेस उघडला, एलएसडीबीआय म्हणतात त्याला, फुकट आहे. कॉलेजचं नाव टाकायचं की मोठ्या केसेस येतात, काय नियम मोडला, काय शिक्षा झाली, आणि निकालपत्र वाचता येतं. भाषा वकिली आहे, सावकाश वाचावं लागतं. एक फार आवडलं, हल्लीच्या निकालात मुलांची नावं नसतात, नुसतं स्टुडंट-अ‍ॅथलीट १, २ असं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावाला डाग कशाला लावायचा.

माहितीला पाचपैकी चार स्टार. पण त्यात जो न्याय दिसतो त्याला दोनच, आणि का ते सांगते.

कॅन्सस युनिव्हर्सिटीची केस बघा. सिल्व्हिओ डी सूझा म्हणून अंगोलाहून आलेला बास्केटबॉलचा पोरगा, त्याला सांभाळणाऱ्या गार्डियनने नियमाबाहेर २,५०० डॉलर घेतले आणि अजून २०,००० घ्यायला हो म्हटलं असं निघालं. कॉलेज म्हणत होतं पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी २०१८-१९ चा अख्खा सीझन तो बाकावर, फेब्रुवारी २०१९ मध्ये वर अजून एका सीझनची बंदी, मग अपील केल्यावर मे महिन्यात उठवली, पण गेलेला सीझन कोण परत देणार? आणि कॉलेजचं काय? सप्टेंबर २०१९ ला आरोपांची नोटीस, निकाल ऑक्टोबर २०२३ ला, मधल्या काळात २०२२ मध्ये कॉलेज नॅशनल चॅम्पियनसुद्धा झालं. पोराचा निकाल काही महिन्यांत आणि कॉलेजला चार वर्षं, हे मला पटतच नाही.

याचं कारण असं की एनसीएए खासगी संस्था, तिला समन्स काढता येत नाही. खेळणाऱ्या मुलाने सहकार्य नाही केलं तर त्याचं खेळणंच बंद, पण नोकरी सोडून गेलेला कोच बोलायचं नाही म्हणाला की त्याला बोलतं कोण करणार. आणि १९८८ मध्ये टार्केनियन नावाच्या कोचच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं सांगितलं की ही काही सरकारी संस्था नाही, म्हणजे घटनेतलं न्याय्य सुनावणीचं बंधन तिला लागू नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो त्यामुळे यूएनसीचं, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीचं, इथे सगळ्यांना माहीत आहे. १८ वर्षं असे क्लास की जे भरायचेच नाहीत, एक पेपर लिहून दिला की ग्रेड, ३,१०० च्या वर विद्यार्थी, त्यातले जवळपास अर्धे खेळाडू. २०१७ मध्ये निकाल काय तर हे क्लास सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते म्हणून खेळाडूंना खास फायदा म्हणता येत नाही, कॉलेजला काही शिक्षा नाही. आणि यूएससीत, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत, नियमाबाहेर पैसे-भेटी घेतलेला फुटबॉलपटू रेजी बुश २००६ ला निघून गेला, त्याच्या भानगडीसाठी २०१० आणि २०११ च्या पोरांना बोल गेम, म्हणजे सीझन संपल्यावरचा मानाचा सामना, नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सुधारणा दिसते हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीत २०० च्या वर नियम मोडलेले सापडले, तेव्हा ८० लाख डॉलर दंड केला पण आत्ताच्या मुलांचे बोल गेम काढून घेतले नाहीत. हे असंच हवं, भरायचं तर कॉलेजने भरावं.

आईबापांनी सही करायच्या आधी त्या कॉलेजची केस वाचा आणि प्रोबेशन, म्हणजे शिक्षेनंतरची देखरेखीची मुदत, कधी संपतं तेवढं बघा. मी कोचना पाठवायच्या प्रश्नांत पहिलाच टाकलाय, चौकशी लागली तर मुलीला वकील कोण देणार? तीन कॉलेजांना पाठवला, एकाचं उत्तर आलं, दोघांची वाट बघतेय.