मेसाचं एनआयआर: डीरेफ प्रकरण वापरून कसं वाटलं

मेसा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचा ओपन सोर्स प्रकल्प, आणि एनआयआर म्हणजे त्याच्या कंपायलरमधलं शेडरचं (जीपीयूवर चालणाऱ्या प्रोग्रामचं) मधलं रूप. ड्रायव्हरसाठी लोअरिंग पास, म्हणजे हे रूप हार्डवेअरला सोयीचं करत नेणाऱ्या पायऱ्या, लिहायचं काम असल्याने मेसामधलं एनआयआर रोजच हाताळावं लागतं. इथे फक्त व्हेरिएबलच्या रेफरन्सबद्दल, म्हणजे डीरेफबद्दल लिहितोय, कारण खरी डोकेदुखी तिथेच होती.

समजा लाइट्स नावाचा स्ट्रक्टचा अ‍ॅरे आहे आणि शेडरला आय नंबरच्या लाइटचा कलर हवाय. जुन्या पद्धतीत लोड इन्स्ट्रक्शनला अख्खी साखळी लटकलेली असायची, आधी व्हेरिएबल मग अ‍ॅरे मग स्ट्रक्ट, आणि आय ही व्हॅल्यू त्या साखळीच्या पोटात, म्हणजे ती शोधायची तर प्रत्येक ठिकाणी साखळीत वेगळं शिरा. २०१८ मध्ये ती साखळी काढली आणि प्रत्येक पायरी स्वतंत्र डीरेफ इन्स्ट्रक्शन झाली. आता तीन डीरेफ आणि शेवटी एक लोड, बस्स. आय हा इन्स्ट्रक्शनचा साधा सोर्स (इनपुट), त्यामुळे सीएसई (तेच गणित दोनदा होऊ न देणं), डेड कोड (न वापरलेला कोड काढणं) वगैरे नेहमीचे पास डीरेफवर पण चालतात. शिवाय साखळीची सुरुवात व्हेरिएबलपासूनच व्हायची त्यामुळे पॉइंटरला जागाच नव्हती, आता कास्टचा डीरेफ आहे, जो पॉइंटरपासून सुरू होऊ शकतो, म्हणून ओपनसीएलचे कर्नल (जीपीयूवर चालणारे, पॉइंटर वापरणारे प्रोग्राम) बसवता येतात.

पण एक गोची आहे राव. व्हेरिएबलचा मोड (ते ग्लोबल आहे की फंक्शनपुरतं वगैरे) दोन जागी असतो, व्हेरिएबलवर आणि त्याच्या प्रत्येक डीरेफवर. एखाद्या पासने ग्लोबल व्हेरिएबल फंक्शनपुरतं केलं आणि डीरेफ तसेच ठेवले की दोन्ही मोड जुळत नाहीत. त्यासाठी फिक्सअप डीरेफ मोड्स नावाचं फंक्शन तयारच आहे, एका ओळीत काम होतं, पण ती ओळ लिहायची आठवण तुम्हीच ठेवायची. डीबग बिल्डमध्ये व्हॅलिडेटर (एनआयआर बरोबर आहे का ते तपासणारा कोड) पासनंतर लगेच पकडतो आणि अख्खा शेडर छापून बरोबर त्या इन्स्ट्रक्शनखाली एरर दाखवतो, हे मला जाम आवडतं. रिलीज बिल्डमध्ये मात्र व्हॅलिडेटर नसतोच, मग स्क्रीनवर भलतंच काहीतरी दिसतं आणि बसा शोधत.

दुसरी कटकट ब्लॉकची. काही पासना डीरेफ वापराच्याच ब्लॉकमध्ये (सलग चालणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या तुकड्यात) लागतो, म्हणून कंट्रोल फ्लो (इफ, लूप वगैरे) हलवला की रीमटेरियलाइज करून घ्यायचं, म्हणजे तो डीरेफ त्याच ब्लॉकमध्ये पुन्हा तयार करायचा. हे हेडरमधल्या कमेंट आणि इतरांचे पास वाचतच जास्त कळतं, नवख्याला जरा जड जाईल.

माझ्याकडून पाचात चार. जुन्या साखळीवर लिहिलेला पास कुणाकडे पडून असेल तर ठिगळं लावत बसू नका, सरळ नवीन लिहा, कोड कमीच होतो.