चिनी ओतीव नाणी घेताय? पावती नीट वाचा

चीनमध्ये जुन्या नाण्यांत गंडवणारा माणूस सुरुवातीला खोटं नाणं दाखवतच नाही. निदान मला भेटलेल्याने तरी नाही. मी तेव्हा बीजिंगला नोकरीत होतो. जुन्या बाजारातल्या या विक्रेत्याने अठराव्या शतकातल्या छ्यानलुंग बादशहाच्या काळातली, चौकोनी भोकाची मूठभर पितळी नाणी पुढ्यात ओतली आणि म्हणाला, ‘घेऊन जा, हव्या त्या जाणकाराला दाखवा.’ सगळी खरी निघाली. निघणारच! छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात ती इतकी ओतली गेली की आजही किरकोळ भावात मिळतात. त्यांची नक्कल करून कुणाचं पोट भरणार?

विश्वास बसल्यावर पुढचं नाणं आलं: त्याच घराण्यातल्या श्यानफंग बादशहाचं, शंभर साध्या नाण्यांच्या मूल्याचं, अडीच हजार युआनला.

हीच नाणी का, त्यालाही कारण आहे. 1853 मध्ये ताइपिंग बंडखोरांनी नानजिंग घेतलं, नैऋत्य चीनच्या युनान प्रांतातून येणारं तांबं अडलं, आणि तिजोरी रिकामी झालेल्या दरबाराने दहा, पन्नास, शंभर, थेट हजार मूल्याची नाणी काढली. धातू थोडा, वर लिहिलेली किंमत अफाट. मग चोरून नाणी पाडणाऱ्यांच्या भट्ट्या पेटल्या नसत्या तरच नवल. आज संग्राहक यांना चांगली किंमत देतात, म्हणून भट्ट्या पुन्हा पेटल्या आहेत.

विक्रेत्याने नाण्याला लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही. पितळेला तो चिकटत नाहीच आणि नक्कलही पितळेचीच असते. म्हणजे हा निव्वळ देखावा, पण मी भुललो आणि नाणं घेतलं.

एका सहकाऱ्याचे वडील जुने संग्राहक. त्यांनी आधी नाण्याची कड पाहिली. टाकसाळीत मूळ नमुन्याचं नाणं वाळूत दाबून साचे करत, आणि ओतलेली नाणी चौकोनी सळईत ओवून सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घासत. त्या घासण्याच्या खुणा माझ्या नाण्यावर नव्हत्याच. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की धातू निवताना आकसतो, त्यामुळे नाणं किंचित लहान भरतं आणि मागच्या मांचू (छिंग घराण्याच्या भाषेतल्या) अक्षरांची धार जाते. तेही दिसत होतं. वजनावर मात्र त्यांनी भर दिला नाही, कारण खऱ्यांचंही वजन बरंच कमीजास्त असतं. शेवटी त्यांनी नाणं उकळत्या पाण्यात टाकलं. हिरवा गंज पाण्यात उतरला.

विक्रेता जराही गडबडला नाही. ‘त्याच काळातलं बनावट आहे, तेही लोक हौसेने जमवतात,’ म्हणाला. तशी बनावट नाणी असतात आणि विकलीही जातात, म्हणून हे उत्तर फार पक्कं. पण दीडशे वर्षांचा गंज किटलीतल्या पाण्याने निघत नाही.

खरी मेख पावतीत होती. तिच्यावर नाण्याऐवजी ‘हस्तकलेची वस्तू’ लिहिलं होतं. घेताना त्याने समजावलं होतं की 1911 पूर्वीच्या पुराणवस्तू देशाबाहेर न्यायला निर्बंध आहेत, विमानतळावर तुम्हाला त्रास नको. ऐकायला किती काळजीचं! नाणं खरं असतं तर ही पावती मला अडचणीत आणणारी होती; खोटं निघालं तेव्हा तिने त्याला वाचवलं. बाजाराच्या कार्यालयात पावती वाचून परत दिली: हस्तकलेची वस्तू विकली, तीच तुम्हाला मिळाली.

आता मी बादशहाचं नाव, मूल्य आणि ‘खोटं निघाल्यास पैसे परत’ एवढं पावतीवर लिहून मागतो. बरेच विक्रेते तिथल्या तिथे भाव दहा पटीने उतरवतात.